दिव्याचं तेल कोणाचं?

डिसेंबरच्या २१-२२ तारखेला घोडेगावात सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सहाच्या आसपास मावळतो. वर्षातला सगळ्यात लहान दिवस, तरी अकरा तासांचा. दुपारी बारा वाजता आभाळ स्वच्छ असतं, कांद्याच्या वाफ्यांवर लख्ख ऊन असतं, आणि थंडी फक्त सावलीत जाणवते.

त्याच दिवशी नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात सूर्य उगवतच नाही. नोव्हेंबरच्या शेवटी तो क्षितिजाखाली जातो आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत वर येत नाही. भर दुपारी दोन-तीन तास निळसर संधिप्रकाश, बाकी रात्र. तुमच्या फोनवर जे हिरवे-जांभळे नॉर्दर्न लाइट्सचे रील्स येतात, त्यातले बरेचसे याच शहराच्या आसपासचे. तिथे जाणारे पर्यटक परत आल्यावर आकाशातल्या उजेडाबद्दल जितकं बोलतात, तितकंच जमिनीवरच्या उजेडाबद्दलही बोलतात. प्रत्येक खिडकीत दिवा. बेर्गन शहरात नोव्हेंबरअखेरीस तळ्याकाठी हजारो लोक हातात दिवे घेऊन जमतात. ट्रॉम्सोमध्ये २१ जानेवारीला ‘सूर्यदिन’ पाळतात. परतलेल्या सूर्याच्या नावाने लोक गोल, गोड बन खातात.

हे सगळं ऐकायला छान वाटतं, आणि ते छान आहेही. पण दिव्यांच्या कुठल्याही उत्सवाचा इतिहास वाचायला घेतला, की थोड्या वेळाने एक रुक्ष प्रश्न समोर येतोच: तेल कोणी भरलं? एक रात्र दिवे लावणं सोपं आहे. रोज लावायचे तर कोणीतरी खर्च उचलावा लागतो, तो कायम उचलला जाईल अशी व्यवस्था लावावी लागते, आणि ती व्यवस्था कोणाच्या वाट्याला उजेड व कोणाच्या वाट्याला अंधार देते हेही बघावं लागतं. हा प्रश्न घेऊन नॉर्वेला जाता येतं आणि नेवासा तालुक्यातही राहता येतं. या लेखात आपण दोन्ही करू.

खांबावरचा हिशोब

घोडेगाव ज्या तालुक्यात येतं त्या नेवाशाची ओळख महाराष्ट्राला ज्ञानेश्वरीमुळे आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, प्रवरेच्या काठी ज्ञानेश्वरांनी गीतेवर मराठीत भाष्य सांगितलं आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतलं अशी परंपरा आहे. ज्या खांबाला टेकून ते बसले असं मानतात, तो ‘पैस खांब’ आजही तिथल्या मंदिरात उभा आहे. लोक त्याला मिठी मारतात, डोकं टेकवतात.

त्या खांबावर एक संस्कृत लेख कोरलेला आहे. त्यात अध्यात्म नाही, हिशोब आहे. करवीरेश्वराच्या देवळात दिवा अखंड तेवत राहावा म्हणून दर महिन्याला तेलाची जी तजवीज केली होती, तिची ती नोंद आहे. ज्या ग्रंथाचं दुसरं नाव ‘भावार्थदीपिका’, म्हणजे अर्थ उजळणारी छोटी दिवटी, त्याच्या जन्माशी जोडलेल्या दगडावर तेलाच्या मासिक खर्चाचा मजकूर असावा, हा योगायोग मला फार आवडतो.

जुन्या काळात अशा नोंदी सर्रास सापडतात. देवळाला नंदादीप हवा असेल तर कोणी जमीन लावून द्यायचं, कोणी घाण्याच्या तेलातला हिस्सा, कोणी रोकड. पुढे मराठेशाहीच्या कागदांत ‘दिवाबत्ती’ हे इनामाचं एक नेहमीचं कारण दिसतं. दख्खनमध्ये करडईचं तेल जाळायचे. ते शेतातूनच येणार, तेली ते गाळणार, आणि मग दिवा लागणार. म्हणजे देवळातला एक दिवा हे पीक, घाणा आणि गावाचा शब्द यांचं मिळून बनलेलं काम होतं.

आपला हिवाळ्यातला खरा दीपोत्सव दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी येतो. कार्तिकी पौर्णिमा, म्हणजे त्रिपुरी. शंकराने त्रिपुरासुराला मारल्याची कथा तिच्यामागे आहे. त्या रात्री देवळापुढच्या दगडी दीपमाळा पाजळतात. जेजुरीच्या दीपमाळा तुम्ही चित्रांत पाहिल्या असतील. निमुळता होत जाणारा खांब आणि त्याला चहूबाजूंनी फुटलेले दगडी हात, प्रत्येक हातावर एक पणती. दीपमाळ दगडाची असल्यामुळे ती एकदाच बांधायची. तेल मात्र दर वर्षी घालायचं. गोव्यात मंगेशी आणि फोंड्याच्या आसपासच्या देवळांपुढे या दीपमाळेचं मजल्यामजल्यांचं रूप दिसतं, आणि साखळीजवळ वाळवंटी नदीत त्रिपुरीच्या रात्री सजवलेल्या नावा सोडतात.

या उत्सवाचा देशातला सध्याचा सगळ्यात प्रसिद्ध अवतार काशीतला. त्याच पौर्णिमेला तिथे देव दीपावली असते आणि सगळे घाट दिव्यांनी भरतात. तिथल्या पंचगंगा घाटावर एक हजारा दीपस्तंभ आहे. तो अहिल्याबाई होळकरांनी उभारला असं मानतात. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडीचा, जामखेड तालुक्यातला. आपल्या जिल्ह्याला आता त्यांचंच नाव आहे. त्यांच्याबद्दलची एक गोष्ट शाळेच्या भाषणांत सहसा येत नाही. त्यांनी देशभर देवळं, घाट, धर्मशाळा बांधल्या त्या ‘खासगी’तून, म्हणजे होळकर घराण्यातल्या स्त्रियांच्या हक्काच्या स्वतंत्र उत्पन्नातून. राज्याची तिजोरी वेगळी, दानधर्माची वेगळी. दिव्याचं तेल कोणाच्या खात्यातून जाणार हे त्यांनी स्पष्ट ठेवलं होतं.

सूर्य न दिसणारं गाव

आता उत्तरेला जाऊ. हामरफेस्ट हे नॉर्वेच्या टोकाचं बंदर. १८९० साली तिथे मोठी आग लागली आणि गावाचा बराच भाग जळाला. पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, या गावाने रस्त्यांवर विजेचे दिवे लावले. वीज पाण्यावर केलेली. उत्तर युरोपात असे दिवे लावणाऱ्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. ज्या गावाला दोन महिने सूर्य दिसत नाही त्याने मोठमोठ्या राजधान्यांच्या बरोबरीने वीज आणावी, यात नवल काही नाही. गरज असलेल्याला उजेडाची किंमत लवकर कळते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हे गाव पूर्ण जाळलं. उभं राहिलं ते फक्त दफनभूमीचं लहान प्रार्थनाघर. गाव पुन्हा बांधलं गेलं, दिवे पुन्हा लागले.

दुसरं गाव दक्षिणेकडचं, र्युकान. ते ध्रुववृत्ताच्या खाली आहे, त्यामुळे सूर्य तिथे रोज उगवतो. पण गाव एका खोल, अरुंद दरीत आहे. सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत डोंगराआडून सूर्य वर येतच नाही. वरती शिखरांवर ऊन दिसतं, खाली पडत नाही. अशा जागी कोणी आपणहून गाव वसवत नाही. ते वसलं एका कारखान्यासाठी.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्रिस्तियान बिर्कलँड नावाचा एक नॉर्वेजियन शास्त्रज्ञ होता. नॉर्दर्न लाइट्स म्हणजे सूर्यावरून येणाऱ्या विद्युतभारित कणांचा खेळ आहे, हे त्याने प्रयोगशाळेत चुंबकीय गोळा ठेवून दाखवायचा प्रयत्न केला. मूळ कल्पना पुढे बरोबर निघाली. याच माणसाने साम आइडे या अभियंत्याबरोबर आणखी एक गोष्ट केली. विजेची ठिणगी चुंबकाने पसरवून तिची आगीची तबकडी केली आणि तिच्यातून हवा सोडली. हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र आले, त्यातून आम्ल झालं, आम्लात चुनखडी मिसळली की कॅल्शियम नायट्रेट. म्हणजे खत. हवा फुकट होती, दगड स्वस्त होता, लागत होती ती अफाट वीज. म्हणून १९०५ साली नॉर्स्क हायड्रो ही कंपनी निघाली, र्युकानच्या धबधब्यावर वेमोर्क वीजकेंद्र उभं राहिलं. १९११ मध्ये ते सुरू झालं तेव्हा जगात सगळ्यात मोठ्या वीजकेंद्रांत त्याची गणना होत होती.

म्हणजे बघा, जगातला सगळ्यात जास्त कृत्रिम उजेड पाडू शकणारी जागा आणि अर्धं वर्ष ऊन न पडणारी वस्ती एकच होती. कामगार कारखान्यात हजारो अंशांच्या झगझगीत ज्योतीपाशी काम करायचे आणि घरी यायचे ते सावलीतल्या गावात. १९१३ मध्येच एका माणसाने सुचवलं होतं की डोंगरावर आरसे लावून ऊन खाली आणावं. तेव्हा ते जमलं नाही. त्याऐवजी १९२८ मध्ये कंपनीने गावाला एक रोपवे दिला, हिवाळ्यात लोकांना वर जाऊन ऊन खाता यावं म्हणून.

आरसे लागले ते शंभर वर्षांनी, ऑक्टोबर २०१३ मध्ये. चौकाच्या सुमारे साडेचारशे मीटर वर, डोंगराच्या कडेवर तीन मोठे आरसे. प्रत्येक १७ चौरस मीटरचा. संगणक सूर्याची जागा मोजत राहतो आणि त्यानुसार आरसे फिरवतो, म्हणजे परावर्तित ऊन हलत नाही, चौकातच राहतं. खाली सुमारे सहाशे चौरस मीटरचा उन्हाचा तुकडा पडतो. उद्घाटनाला लोक गॉगल लावून, आरामखुर्च्या टाकून बसले होते. पण गावातले सगळेच खूश नव्हते. सुमारे पन्नास लाख क्रोनर खर्च होता. त्यातला बराच प्रायोजकांनी उचलला तरी एवढा पैसा शाळांवर, आरोग्यावर लावा असं म्हणणारे होते. जगात सर्वांत श्रीमंत देशांपैकी एकातही तेलाचा हिशोब सुटला नव्हता.

र्युकानची ठिणगीची पद्धत फार वर्षं टिकली नाही, तिच्यापेक्षा स्वस्त पद्धत आली. कंपनी मात्र टिकली आणि २००४ मध्ये तिचा खतांचा भाग यारा या नावाने वेगळा झाला. आज आपल्याकडच्या कृषी सेवा केंद्रात जहाजाचं चिन्ह असलेली कॅल्शियम नायट्रेटची पिशवी दिसली, तर तिचं कूळ त्या सावलीतल्या दरीतलं आहे. घोडेगाव कांद्याचा बाजार आहे. तिथल्या वाफ्यांपर्यंत नॉर्वेचा हिवाळा या वाटेने आधीच पोचलेला आहे.

मुंबईचा उजेड, मुळशीचं पाणी

वेमोर्कचं वीजकेंद्र सुरू झालं त्याच वर्षी, १९११ मध्ये, लोणावळ्यात टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाची पायाभरणी झाली. १९१५ मध्ये खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. सह्याद्रीचा पाऊस घाटावर अडवायचा आणि कोकणात खाली सोडायचा, ही कल्पना नॉर्वेच्या धबधब्यांइतकीच देखणी होती. पण तिचं पुढचं पाऊल मुळशीत पडलं. धरणासाठी मावळातली पन्नासएक गावांची भातखाचरं पाण्याखाली जाणार होती. १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. त्याचं नेतृत्व करता करता पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. बापट पारनेरचे, म्हणजे पुन्हा आपल्याच जिल्ह्यातले. ते वारंवार तुरुंगात गेले. धरण झालं, गावं बुडाली, मुंबईला वीज मिळाली. मुळशीच्या काठच्या अनेक वाड्या मात्र पुढे कित्येक वर्षं कंदिलावर राहिल्या.

नॉर्वेत हाच काळ वेगळ्या वळणाने गेला, आणि ते वळण समजून घेण्यासारखं आहे. १९०५ मध्ये तो देश स्वीडनपासून वेगळा झाला. तेव्हा परदेशी भांडवलदार तिथले धबधबे धडाधड विकत घेत होते. नव्या देशाने १९०६ पासून कायदे करून याला लगाम घातला. १९०९ च्या कायद्याचं सूत्र असं: खासगी कंपनीने धबधबा वापरावा, पण ठरलेल्या मुदतीनंतर, साधारण ६० ते ८० वर्षांनी, धबधबा आणि त्यावरचं वीजकेंद्र सरकारकडे परत यावं. शिवाय ज्या गावाच्या हद्दीत वीज होते त्या गावाला तिच्यातला हिस्सा द्यावा. आज नॉर्वेची बहुतांश वीज पाण्यापासून होते आणि वीजकेंद्रांची मालकी मुख्यतः सरकार, जिल्हे आणि नगरपालिकांकडे आहे. त्या देशातल्या प्रत्येक खिडकीत हिवाळाभर जो दिवा दिसतो, त्याच्यामागे संस्कृती आहे हे खरं. पण त्याच्यामागे शंभर वर्षांपूर्वीचा हा रुक्ष कायदाही आहे.

कंदिलापासून मीटरपर्यंत

आपल्याकडे तेलानंतर रॉकेल आलं. घरात चिमणी, ओसरीवर कंदील, लग्नात गॅसबत्ती. ‘प्रभाकर’ नावाचा कंदील तेव्हा घरोघर होता. तो कराडजवळच्या ओगलेवाडीत व्हायचा. १९१६ मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आधाराने सुरू झालेला ओगल्यांचा काचकारखाना हे स्वदेशीच्या काळातलं मोठं धाडस होतं. बाहेरून येणाऱ्या काचेशी टक्कर घेत त्यांनी महाराष्ट्राच्या रात्रीला स्वतःचा कंदील दिला.

वीज खेड्यांत आली ती १९६० नंतर, राज्य वीज मंडळ झाल्यावर, आणि जोरात आली ती १९७० च्या आसपास. पण ‘आली’ या शब्दाची सरकारी व्याख्या तपासायला हवी. १९९७ पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कशासाठीही वीज वापरली गेली की गाव विद्युतीकृत धरलं जायचं. शिवारात एक मोटार चालली तरी अख्ख्या गावात उजेड पडला, असं कागदावर. मग व्याख्या बदलून वीज वस्तीत हवी असं ठरलं. २००४ मध्ये निदान दहा टक्के घरांत आणि शाळा, पंचायत अशा ठिकाणी ती हवी असं झालं. दहा टक्के! म्हणजे उरलेल्या नव्वद घरांच्या अंधारासकट गाव उजळलेलं.

या सगळ्यात आपल्या जिल्ह्याने एक धाडसी प्रयोग केला होता. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं आणि अमेरिकेच्या मदतीने देशात पाच वीज सहकारी संस्था काढायचं ठरलं. कोडिनार, हुकेरी, सिरसिला, लखनौ, आणि आपली श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. अमेरिकेतही १९३५ साली दहापैकी जेमतेम एका शेतावर वीज होती आणि शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून ती आणली. तोच नमुना इथे आला. इथे त्याला सुपीक जमीन होती, कारण प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना काढून वीस वर्षं झाली होती. दिव्याचं तेल ग्राहकांनीच एकत्र येऊन भरायचं, ही नंदादीपाच्या दानपत्रातली कल्पना आता भागधारकांच्या यादीत आली. राहुरी, श्रीरामपूर आणि शेजारच्या तालुक्यांतल्या गावांत मुळा-प्रवराने तारा ओढल्या, मोटारींना जोडण्या दिल्या.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. शेतीच्या विजेचे दर राजकारणाने ठरू लागले, वसुली खालावली, संस्था ज्यांच्याकडून वीज घ्यायची त्यांची थकबाकी वर्षानुवर्षं फुगत गेली. २०११ मध्ये संस्थेचा परवाना संपला आणि वितरण महावितरणकडे गेलं. पाचांपैकी हुकेरीची संस्था अजून चालू आहे. तेव्हा सहकारात वीज चालतच नाही असं म्हणता येणार नाही. दिवा सगळ्यांचा म्हणून सगळ्यांनी वापरला, आणि तेल कोणीतरी भरेल म्हणून कोणीच भरलं नाही, असं मात्र म्हणता येतं.

रात्रीचं दारं

आता हिवाळ्यातला मुद्दा. डिसेंबर-जानेवारीत नेवासा तालुक्यात कांदा, गहू, हरभरा, ऊस सगळ्यांना पाणी लागतं. पाणी मोटारीने येतं, मोटारीला थ्री-फेज वीज लागते. महाराष्ट्रात बरीच वर्षं शेतीच्या फिडरना चक्राकार पद्धतीने वीज मिळत आली: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. रात्रीची पाळी आली की शेतकरी बॅटरी घेऊन शिवारात जातो. त्याला ‘दारं धरायला जाणं’ म्हणतात. एका सरीचं तोंड बांधायचं, दुसऱ्या सरीचं फोडायचं, थंडगार पाण्यात अनवाणी उभं राहून. उसात बिबट्या असू शकतो. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या, दाट वस्तीच्या शेतशिवारात बिबटे नियमित राहतात हे त्यात दिसलं. साप असतो. ओल्या हातांनी स्टार्टरचं बटण दाबायचं असतं. कितीतरी जण ‘ऑटो’ लावून घरी झोपतात. मग वीज येताच शिवारातल्या सगळ्या मोटारी एका क्षणी सुरू होतात आणि डीपी जळते. ती जळली की पुढचे काही दिवस कोणाकडेच पाणी नाही.

रात्रीच का? याचं तांत्रिक उत्तर होतं. वीज साठवून ठेवता येत नाही, ती ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी वापरावी लागते. कोळशाचं वीजकेंद्र रोज रात्री बंद करून सकाळी चालू करता येत नाही. शहरं झोपली, कारखाने मंदावले की रात्री वीज उरते. ती कुठेतरी घालवायला हवी. सकाळी आणि संध्याकाळी मागणी वाढते तेव्हा कोणाचा तरी भार काढायला हवा. शेतीची मोटार हा हलवता येणारा भार.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे ज्या कामांना तातडी नाही ती रात्री चालवायची ही साधी शिस्त आहे. रात्री दोन वाजता बॅकअप चालला तर कोणाचं काही बिघडत नाही, कारण बॅकअपला थंडी वाजत नाही. राज्याच्या वेळापत्रकात शेतीचं पाणी याच रकान्यात पडलं. ते काम यंत्राचं आहे असं धरलं गेलं. त्या यंत्रापाशी माणूस उभा असतो, हे तक्त्यात कुठे लिहायची सोयच नव्हती. आणि भार कोणाचा हलवता येतो हे फक्त तंत्राने ठरत नाही. ज्याची तक्रार उशिरा ऐकू येते त्याचा भार आधी हलतो.

त्रिपुरीच्या रात्री दीपमाळ पाजळते तीही याच हिवाळ्यात, याच शिवारात. तिच्यापासून हाकेच्या अंतरावर कोणीतरी अंधारात पाण्यात उभं असतं. ट्रॉम्सोत अंधार सूर्यामुळे येतो, आपल्याकडचा हा अंधार वेळापत्रकाने येतो.

किरणांचा रस्ता

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात हिवाळ्यात दोनदा किरणोत्सव होतो. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. र्युकानला जे आरसे आणि संगणक लावून करावं लागलं ते इथे बांधणाऱ्यांनी फक्त दिशा साधून केलं. पण दर वर्षी इथे एक चर्चा होते: किरणांच्या वाटेत अडथळे किती. बाहेर इमारती वाढल्या, की किरणं पोचत नाहीत. मग मोजणी होते, कोणाचा मजला, कोणाची टाकी, कोणाचा फलक मध्ये येतो याची यादी होते. एवढ्या जुन्या देवळाच्या उजेडासाठीही शेजाऱ्यांनी आपली जागा आवरती घ्यावी लागते. किरणांचा रस्ता दर वर्षी मोकळा ठेवावा लागतो, तो आपोआप मोकळा राहत नाही.

शेतीच्या विजेचंही आता असंच झालं आहे. रात्रीच्या पाळीमागचं तांत्रिक कारण गेल्या काही वर्षांत उलटं फिरलं. सौरऊर्जा स्वस्त झाली, त्यामुळे आता स्वस्त वीज दिवसा असते. २०१७ मध्ये राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज त्याच भागातल्या शेतीच्या फिडरला दिवसा द्यायची. तिच्या अगदी सुरुवातीच्या प्रकल्पांतला एक राळेगणसिद्धीचा. पुन्हा पारनेर तालुका, जिथून मुंबईच्या उजेडाला प्रश्न विचारणारे बापट निघाले होते. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत विजेची घोषणा झाली.

मोफत हा शब्द आला की पैस खांब आठवावा. तिथेही दिवा पाहणाऱ्याला मोफतच होता. पण तेल कुठून येणार हे दगडावर कोरलेलं होतं, सगळ्यांना वाचता येईल असं. आजची मोफत वीजही कोणीतरी भरतंच. सरकार कंपनीला पैसे देतं, ते आपल्या करातून येतात. काही भार उद्योगांच्या आणि इतर ग्राहकांच्या बिलात जातो. हा हिशोब उघडा राहिला तर ही व्यवस्था टिकेल. झाकला तर मुळा-प्रवराची गोष्ट पुन्हा घडेल, या वेळी अख्ख्या राज्याच्या आकाराची.

आणि फुकट-विकतच्या वादात मूळ मागणी हरवू नये. शेतकऱ्यांच्या आंदोलनांतून वर्षानुवर्षं येणारी मागणी ‘दिवसा वीज द्या’ अशी आहे. तिच्यात ‘दिवसा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्या देशात दोन-दोन महिने सूर्य उगवत नाही तिथल्या लोकांनी विजेतला हिस्सा गावांना मिळेल अशी तजवीज शंभर वर्षांपूर्वी केली, तीही आरशांची चैन करण्याच्या कितीतरी आधी. आपल्याकडे डिसेंबरातही अकरा तास ऊन पडतं. आपल्याला सूर्य खाली आणायचा नाही. पाण्याची पाळी त्याच्या वेळेवर आणायची आहे, एवढंच.

तुम्ही कधी हिवाळ्यात ट्रॉम्सोला गेलात तर जरूर जा, तिथल्या खिडक्यांतले दिवे बघा, २१ जानेवारीचा तो बन खा. त्याआधी एखाद्या त्रिपुरीला घोडेगाव-नेवासा रस्त्याने रात्री प्रवास करा. देवळापुढची दीपमाळ दिसेल. मग शिवारात लांबवर हलणारे बॅटऱ्यांचे ठिपके मोजा. ज्या वर्षी तिथे एकही ठिपका दिसणार नाही, आणि लोक त्या वेळी घरात झोपलेले असतील, त्या वर्षी आपल्या हिवाळ्यातला उजेडाचा उत्सव पूर्ण झाला असं समजायला हरकत नाही.